बाईंच्या वाट्याची पस्तीस मिनिटं

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली आणि चौथी, दुसऱ्या खोलीत दुसरी आणि तिसरी. दुसऱ्या खोलीच्या भिंतीवर टीव्ही आहे आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर क्रोशाचं विणकाम केलेला टेबलक्लॉथ टाकलेला आहे. खाली ऑइलपेंटनं देणगीदारांची यादी : कुणी ५०१ रुपये, कुणी ११००, गावच्या तरुण मंडळानं ५०००. लाइट असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा टेबलक्लॉथ सरकतो. मग तिसरीची मुलं पडद्यावरची कविता हातवारे करत म्हणतात, दुसरीची मुलं आपली पाटी सोडून तिकडेच बघत बसतात आणि तेवढ्या वेळात बाई पोषण आहाराची माहिती मोबाइलवर भरून घेतात. राज्यातल्या हजारो खोल्यांना हे वर्णन थोड्याफार फरकानं लागू पडेल.

‘प्राथमिक वर्गात तंत्रज्ञान नेमकं काय करतंय ते पाहा’, असं संपादकांनी सुचवलं. पाहायला गेलं की आधी डोळ्यांत भरतो तो टीव्ही. मात्र थोडा वेळ त्या खोलीत बसलं की लक्ष घड्याळाकडे जातं. तासिका पस्तीस मिनिटांची. वह्या निघायला, भांडणं मिटायला, पाणी प्यायला गेलेले परत यायला पाच मिनिटं धरा. उरली तीस. दोन इयत्ता, म्हणजे प्रत्येकीला पंधरा. तिसरीत बारा मुलं असतील तर दर मुलामागे सव्वा मिनिट, दुसरीत दहा असतील तर दीड. हे झालं छोट्या पटाच्या शाळेचं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात सुमारे १५ हजार आहेत, असं २०२३ मध्ये छोट्या शाळा जोडून समूह शाळा करण्याचा विषय निघाला तेव्हा सांगितलं गेलं आणि त्यांत शिकणारी मुलं होती जवळपास १ लाख ८५ हजार. इतकी कमी मुलं म्हणजे शिक्षकाला निवांतपणा, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात मुलं कमी झाली तरी इयत्ता कमी होत नाहीत. चार इयत्तांचे सगळे विषय दोघांत वाटायचे असतात आणि शाळा एकशिक्षकी असेल तर वाटायलाही कुणी नसतं.

या लेखाची कसोटी त्या सव्वा मिनिटाची आहे. वर्गात आलेल्या प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारायचा : अडलेल्या मुलाजवळ बाईंना बसायला मिळणारा वेळ तुझ्यामुळे वाढला की घटला? पडद्याची रुंदी, चित्रांचा झगमगाट, मुलांच्या टाळ्या हे सगळं त्यानंतर.

एकोणसाठ लिहिताना

अडलेलं मूल म्हणजे काय, हे जवळून बघायला हवं. बाईंनी सांगितलं, ‘एकोणसाठ लिहा.’ मुलानं लिहिलं ६९. शेजारच्या मुलीनंही तेच. आता हे चूक म्हणून लाल फुली मारता येते, पण चूक कुठून आली ते त्या फुलीत कळत नाही. मुलानं कानाला ऐकू आलेला ‘साठ’ धरला आणि सहा लिहिले. ‘एकोण’ ऐकल्यावर नऊ येतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून नऊ लिहिले. त्याचा तर्क पक्का आहे. एवढंच की ‘एकोण’मध्ये एक उणे आहे, म्हणजे त्या शब्दाच्या पोटात एक वजाबाकी दडलेली आहे, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळीकडे हाच खड्डा. मराठी संख्यानामं मुलांना अवघड का जातात, यावर २०१९ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असंही वाचन सुचवलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे सांगितलं, तरी विधिमंडळापासून विनोदी नाट्यछटांपर्यंत त्याची टिंगल झालीच. टिंगल करणाऱ्यांत दुसरीतल्या मुलाच्या शेजारी बसून त्याची वही पाहिलेले किती होते, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

आता याच मुलासमोर टीव्ही लावा. पडद्यावरचं गोड आवाजातलं कार्टून एकोणसाठ म्हणेल, ५९ दाखवेल, फुगे फुटतील, पुन्हा म्हणेल. मूल बघेल, हसेल, कदाचित तोंडपाठही करेल. उद्या एकोणसत्तर विचारलं की ७९ लिहील. कार्टूननं उत्तर दहादा बरोबर सांगितलं, पण मुलाच्या वहीत डोकावून त्यानं एकदाही पाहिलेलं नाही. दाखवणं आणि शिकवणं यांतला हा फरक प्राथमिकच्या कुठल्याही शिक्षकाला उपजत कळतो. तो खरेदीच्या फायलीत कुठेच उतरत नाही, कारण फायलीत पडद्याचे इंच लिहिता येतात, वहीत डोकावण्याला रकाना नसतो.

हौस जुनीच

पडद्यावर शाळेची भिस्त ठेवण्याची कल्पना आपल्याकडे पन्नास वर्षांची आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीनं ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसले. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना तिची सुरावट अजून आठवत असेल. तिनं मुलांसाठी मराठीत हजारो कार्यक्रम केले आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. त्या कार्यक्रमांत कल्पकता होती, मराठी चांगली होती. पण प्रसारणाची वेळ आणि वर्गाचं वेळापत्रक यांची गाठ क्वचितच पडे. अपूर्णांक शिकवायच्या दिवशी टीव्हीवर बेडकाचं जीवनचक्र लागायचं.

त्याच सत्तरच्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रयोग झाला होता आणि त्यातली एक युक्ती आजच्या डिजिटल वर्गानं उचलायला हवी होती. रेडिओवरची बाई प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. त्या काही सेकंदांच्या शांततेत वर्गातली मुलं मोठ्यानं उत्तर द्यायची, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. रेडिओला मुलं काय म्हणाली ते ऐकू येत नव्हतंच, पण त्यानं मुलांना बोलायला जागा ठेवली होती आणि ती जागा असल्यामुळे खोलीतल्या शिक्षकालाही कोण अडलं ते ऐकू यायचं. आजच्या बहुतेक चकचकीत व्हिडिओंत ही शांतता नाही. ते थांबत नाहीत. बाईंना रिमोट हातात धरून बसावं लागतं, आणि रिमोटचे सेल संपलेले असतात.

२०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि लोकसहभागातून शाळा डिजिटल करण्याची लाट उठली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेनं आदिवासी पाड्यावर हे कसं करता येतं ते आधीच दाखवलं होतं. गावोगावचे शिक्षक ते पाहून आले आणि कमी खर्चाचा डिजिटल वर्ग स्वतःच्या हातांनी जोडायला शिकले. या लाटेला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिच्यातली एक गोष्ट खरीच मोठी होती. ज्या गावानं वर्षानुवर्षं शाळेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या गावानं वर्गणी काढली. मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी पैसे पाठवले. पडद्यामुळे मुलं किती शिकली हे सांगता येणार नाही, पण पडद्याच्या निमित्तानं पालक वर्गात आले. या लाटेला श्रेय द्यायचं तर ते इथे द्यावं लागेल.

कोड कुणाच्या फोनवर उघडतो

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं नाव त्यांच्या कामाशी जोडलं गेलं आहे. महाराष्ट्राच्या पुस्तकांत हे कोड आले, पुढे एनसीईआरटीच्या पुस्तकांतही आले आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचाशी ते जोडले गेले. या कहाणीत बहुतेकांच्या लक्षात राहतो तो काळा-पांढरा चौकोन. कमी लक्षात राहतं ते हे की परितेवाडीतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, ती डिसले यांनी शिकून घेतली आणि पाठ मुलांच्या भाषेत आणले. चौकोनाच्या आधी भाषा आली.

कोडचं काम तसं साधं आहे. धड्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनासमोर फोन धरायचा, की त्या धड्याचं गाणं, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडतो. शोधाशोध वाचते. बालचित्रवाणीची अडचण, म्हणजे आज हवा तो कार्यक्रम आज न मिळणं, त्यानं सोडवली. ही काही लहान गोष्ट नाही. पण कोड उघडायला स्मार्टफोन हवा, रेंज हवी, डेटा हवा, आणि पहिली-दुसरीच्या वर्गात स्मार्टफोन एकच असतो : बाईंच्या पर्समधला. रिचार्ज त्यांचाच. कोड स्कॅन करून फोन बावीस मुलांपुढे धरला तर पुढच्या चार मुलांना दिसतो. म्हणजे पुस्तकातला कोड हे मुलाचं साधन असं आपण म्हणत असलो तरी शाळेच्या वेळेत ते शिक्षकाच्या तयारीचं साधन आहे. तसं म्हटलं तर ते चांगलंच साधन ठरतं. आदल्या संध्याकाळी घरी बसून बाईंनी पाच मिनिटांची चित्रफीत पाहिली, तिच्यातली कापडी पट्टीवरून अपूर्णांक दाखवण्याची युक्ती उचलली आणि सकाळी वर्गात जुन्या साडीच्या काठाचे तुकडे आणले, तर तंत्रज्ञान वर्गात पोचलं. पडदा लागलाच नाही.

बडोदा, दिल्ली, पेरू

मुलांना प्रत्यक्ष यंत्रावर बसवून काय होतं, याचे पुरावे भारतातलेच आहेत आणि बरेच पक्के आहेत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुलं, आणि गणित मुलाला झेपेल तिथून पुढे जाणारं. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात गणितातली वाढ लक्षणीय निघाली. पण त्याच अभ्यासाचं दुसरं पान क्वचितच वाचलं जातं. त्यात मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखींचं काम तपासलं होतं. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गाबाहेर नेऊन रोज दोन तास पायाभूत वाचन-गणित घ्यायची. वाढ तिथेही दिसली आणि मुलामागचा खर्च संगणकाच्या कितीतरी खाली होता. शिवाय संगणक काढून घेतल्यावर वर्षभरानं त्यापासून झालेल्या फायद्याचा मोठा भाग ओसरलेला होता.

गुजरातेतच ज्ञानशाळांत ली लिंडन या संशोधकानं आणखी एक बारीक गोष्ट तपासली. एका ठिकाणी संगणक शाळेच्या वेळात, नेहमीच्या शिकवण्याच्या जागी वापरला. दुसऱ्या ठिकाणी शाळा सुटल्यावर, जादा म्हणून. पहिल्या ठिकाणी मुलं उलट कमी शिकली. दुसऱ्या ठिकाणी थोडी जास्त शिकली आणि त्यातही मागे पडलेल्यांना जास्त फायदा झाला. सॉफ्टवेअर तेच. त्या शाळांतलं नेहमीचं शिकवणं बरं होतं, म्हणून त्याची जागा घेणाऱ्या यंत्रानं नुकसान केलं.

दिल्लीत २०१५ मध्ये ‘माइंडस्पार्क’ या शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या केंद्रांवर झालेला प्रयोग वरच्या प्राथमिक इयत्तांतल्या मुलांवर होता. तिथे सॉफ्टवेअरनं आधी मुलं कुठे आहेत ते मोजलं. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे निघालं. सहावीच्या वर्गात सहावीचं गणित फळ्यावर चालू असताना समोर बसलेलं मूल तिसरी-चौथीच्या पायरीवर उभं असतं, याचा तो आकडा. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात आणि हिंदीत चांगलीच मजल मारली. याची जाहिरात नेहमी ‘संगणकानं शिकवलं’ अशी होते. केंद्रावरच्या रोजच्या दीड तासाचं वाटप मात्र असं होतं : पंचेचाळीस मिनिटं संगणक, पंचेचाळीस मिनिटं छोट्या गटात माणूस. एक भाग काढला तर दुसऱ्यानं किती काम केलं असतं हे त्या प्रयोगातून वेगळं करता येत नाही आणि करण्याची घाईही करू नये.

उलट बाजूला पेरू आहे. ‘दर मुलाला एक लॅपटॉप’ या चळवळीत त्या देशानं साडेआठ लाखांवर लॅपटॉप घेतले. ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात सव्वा वर्षानंतर गणित आणि भाषेत काहीच फरक आढळला नाही. याच चळवळीचा भारतातला पहिला छोटा प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाला होता. हिरवा-पांढरा, लहान मुलाच्या दप्तरात मावणारा लॅपटॉप तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. देशभर मात्र तो कधी पोचला नाही.

हे सगळे अभ्यास एकत्र ठेवले की बडोदा आणि दिल्ली एका बाजूला पडतात, पेरू दुसऱ्या. चालले तिथे यंत्रानं मुलाची पायरी ओळखून त्याला त्याच्याच पायरीवर सराव दिला आणि शिक्षकाच्या वेळाच्या जागी न बसता त्यात भर घातली. फसले तिथे यंत्र वाटलं गेलं आणि पुढचं मुलांवर सोडलं गेलं. बावीस मुलांच्या बावीस पायऱ्या एकाच वेळी सांभाळणं बाईंना शक्य नाही, कुणालाच नाही. दहा मुलांना त्यांच्या-त्यांच्या पायरीवरची वजाबाकी देऊन वीस मिनिटं गुंतवून ठेवणारी काही टॅब्लेट खोलीच्या कोपऱ्यात असतील, तर बाईंना उरलेल्या बारांकडे वीस मिनिटं मिळतात. सव्वा मिनिटाचं जवळजवळ पावणेदोन मिनिट होतं. आणि यंत्रानं दाखवलं की पाच मुलं एकोणसाठ-एकोणसत्तरलाच अडली आहेत, तर त्या पावणेदोन मिनिटांत काय करायचं तेही कळतं.

वर तोंड केलेले पडदे

यातली मेख अशी की शाळेत सगळ्यात जास्त चालणारं यंत्र मुलांकडे तोंड करून नसतंच. २०१५ पासून ‘सरल’ ही माहितीप्रणाली, मग यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, निरनिराळ्या उपक्रमांच्या लिंका, फोटो, दोन ओळींचा अहवाल, ‘आजच दुपारी चारपर्यंत’. २०२३ च्या अखेरीस मुलांची हजेरी चॅटबॉटवर भरायची सूचना आली. यातली एकेक नोंद समर्थनीय आहे. तांदूळ किती शिजला याचा हिशेब ठेवायला हवाच, आणि कागदाच्या तुलनेत ऑनलाइन तो सोपा असायला हवा. अनेक शाळांत तो दोन्हीकडे ठेवावा लागतो, वहीतही आणि मोबाइलवरही. रेंज नसेल तर शिक्षक टेकाडावर, पाण्याच्या टाकीजवळ, जिथे दोन दांड्या येतात तिथे जातात. तेवढा वेळ वर्ग चौथीचा मॉनिटर सांभाळतो. शाळेत तंत्रज्ञान किती आलं हे मोजताना या मिनिटांची वजावट कुणी धरत नाही. ती धरली तर कित्येक डिजिटल शाळांचा हिशेब तोट्यात जाईल.

तंत्रज्ञान वरच्याच्या हातात दिलं म्हणून ते वाईट, असं मात्र नाही. केनियात किसुमू भागात एक अभ्यास झाला. काही शाळांत मुलांना वाचनयंत्रं दिली, काहींत शिक्षकांना टॅब्लेट, काहींत फक्त वर्ग पाहायला येणाऱ्या पर्यवेक्षकांना. मुलांच्या वाचनात सुधारणा तिन्हीकडे जवळपास सारखीच झाली आणि खर्च पर्यवेक्षकांच्या बाबतीत सगळ्यात कमी आला. पुढे देशभर नेताना केनियानं तोच मार्ग धरला. पर्यवेक्षक वर्गात बसतो, पाठ पाहतो, दोन-तीन मुलांना वाचायला लावतो, टॅब्लेटवर नोंदवतो आणि निघण्याआधी शिक्षकाशी बोलतो. आपल्याकडे हे काम केंद्रप्रमुखाचं आहे. केंद्रप्रमुखांची पदं मोठ्या संख्येनं रिकामी राहतात आणि भरलेली असतात तिथे त्यांचा दिवस बैठका आणि माहिती गोळा करण्यात जातो. केनियाचा पर्यवेक्षक माहिती घेऊन शिक्षकाकडे परत येतो, आपली माहिती वर जाते ती तिकडेच राहते.

लिंक आणि हाक

२०२० च्या टाळेबंदीनं या सगळ्याची न मागता परीक्षा घेतली. राज्यानं ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणून रोज व्हॉट्सअॅपवर लिंका पाठवल्या, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. पालघरच्या पाड्यांवर भोंग्यांवरून धडे ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हते आणि भिंतीला रेंज लागत नाही. परिणाम काय झाला ते ‘असर’च्या पाहणीत दिसलं. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर पोचली. दरम्यान घरोघरी फोन आले होते. तरीही भरपाई झाली ती शाळा उघडल्यावर, आणि २०२१ च्या निपुण भारत अभियानापासून पायाभूत वाचन-गणिताकडे लक्ष वळल्यावर.

त्याच काळात आफ्रिकेतल्या बोट्स्वानात साध्या बटणांच्या फोनवर एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला गणिताचे मेसेज पाठवले. काही घरांना मेसेजबरोबर शिक्षकाचा वीस मिनिटांचा फोन. नुसत्या मेसेजनं फारसं काही झालं नाही, फोन जिथे गेला तिथे मुलं पुढे गेली. ‘असर’ २०२४ मधला आणखी एक आकडा याच्या शेजारी ठेवावा : ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरल्याचं सांगणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं सांगणारी ७६ टक्के. फोन हातात असणं आणि त्यावर कुणीतरी ‘वही काढलीस का?’ असं विचारणं, यांत तो फरक आहे.

ज्यांचं म्हणणं वेगळं आहे

या मांडणीवर पहिला आक्षेप पालकांचा आहे आणि तो सगळ्यात वजनदार आहे. तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आहे, पिवळी बस दारात येते, मग आमच्याच मुलांना तुम्ही साडीचे काठ आणि पाट्या का सांगता? गरिबाच्या मुलाला साधेपणाचा उपदेश करणं शहरी लेखकाला फार सोपं जातं, हे खरं आहे. डिजिटल खोलीमुळे पट टिकला, असं सांगणारे मुख्याध्यापक जागोजागी भेटतात, आणि पट गेला की शाळाच जाते. म्हणून टीव्ही नको असं इथे म्हणायचं नाही. पण स्मार्ट बोर्डसमोर पन्नास मुलं बसवणाऱ्या त्या तालुक्याच्या शाळेतही एकोणसाठचा खड्डा भरलेला नसतो. तो शिकवणीला पाठवून भरला जातो. बरोबरी करायचीच असेल तर पडद्याशी करण्यापेक्षा त्या शिकवणीशी करायला हवी, आणि ती माणूस आणि सराव या दोन गोष्टींनीच होते.

दुसरा आक्षेप : जिथे शिक्षकच नाही, तिथे पडदा तरी असू दे. दुर्गम भागात याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावर मूल पहिलीत येतं तेव्हा त्याची भाषा पावरी असते, पुस्तक मराठी असतं आणि बदली होऊन आलेल्या गुरुजींना पावरी येत नाही. अशा ठिकाणी गावातल्याच आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या दहा पावरी गोष्टी शाळेच्या मोबाइलवर असणं ही मोलाची गोष्ट आहे, कारण ते काम गुरुजींना करताच येणार नव्हतं. मूल मोठ्यानं वाचत असताना ऐकून चूक दाखवणारी अॅपं मराठीतही आली आहेत आणि घरी शांततेत ती बरी चालतात. बावीस मुलं एकदम वाचू लागली की त्यांना कुणाचंच धड ऐकू येत नाही, आणि पावरी वळणाचं मराठी ऐकून ती बरोबर वाचलेलंही चूक ठरवणार नाहीत याची खात्री कुणी दिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आज जे बोललं जातं त्यालाही हीच कसोटी लावायला हरकत नाही : ती बाईंना सांगेल का, की पाच मुलं ‘एकोण’ला अडली आहेत आणि त्यांतल्या दोघांना अजून वजाबाकीच येत नाही? सांगत असेल तर स्वागत. फुगे फोडत असेल तर फुगे आपल्याकडे आधीच आहेत.

तिसरे लोक म्हणतात, लहान मुलांच्या वर्गातून यंत्रं हद्दपारच करा. ते स्वीडनकडे बोट दाखवतात. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं छापील पुस्तकांकडे परत जाण्यासाठी पैसा घातला, हे खरंच आहे. पण स्वीडनमधल्या मुलाला छापील पुस्तक ग्रंथालयात मिळतं आणि वर्गात एका इयत्तेला एक शिक्षक असतो. द्विशिक्षकी खोलीची अडचण त्यांच्यापेक्षा वेगळी आहे. तिथे यंत्रानं बाईंची वीस मिनिटं मोकळी केली तर ती नाकारणं परवडणारं नाही.

सगळ्यात स्वस्त वापर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. जूनमध्ये प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन बाईंनी फोनवर मुद्रित करून ठेवायचं, दिवाळीनंतर पुन्हा. पालकसभेत दोन्ही शेजारी-शेजारी ऐकवायचं. आईला वाचता येत नसलं तरी पहिल्या वेळी मूल अक्षराअक्षराला अडखळत होतं आणि आता ओळ सलग म्हणतंय, हे तिला ऐकू येतं. याला रेंज लागत नाही, अॅप लागत नाही, देणगीही लागत नाही.

विजेचा आकार

शेवटी टेबलक्लॉथकडे परत यावं लागतं. टीव्ही झाकलेला राहतो याचं मुख्य कारण शिक्षकांचा आळस नाही. समग्र शिक्षा अभियानात तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार रुपये मिळतं. त्यातूनच खडू, रजिस्टर, झाडू, किरकोळ दुरुस्ती, निदान दहा टक्के स्वच्छतेवर, आणि वीजबिल. टीव्ही स्वतः फार वीज खात नाही, पण जोडणी आहे म्हणून दरमहा स्थिर आकार येतोच आणि घरगुती ग्राहकाचा दर शाळेला लागत नाही. थकबाकीपोटी शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. टीव्ही बसवायला गाव वर्गणी काढतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. तिसऱ्या वर्षीच्या बिलासाठी वर्गणी काढण्याची प्रथा कुठल्याच गावात नाही. ते बिल बऱ्याचदा गुरुजी किंवा बाई आपल्या पगारातून भरतात आणि त्याची पावती भिंतीवर रंगवत नाहीत.

दिवाळीत गावी जाणारे, शाळेला काहीतरी द्यावं असं मनात असलेले वाचक या अंकालाही असतीलच. सुट्टी संपून शाळा भरली की एकदा जाऊन या. टीव्हीची चौकशी नंतर करा. आधी मुख्याध्यापकांना विजेचं शेवटचं बिल दाखवायला सांगा, ते थकलेलं असेल तर ते भरा, आणि पुढच्या दोन वर्षांचं किती होईल तेही विचारून घ्या.